कप उलटा करून बघा

‘हाताचं आणि साच्यातलं काम ओळखताच येत नाही, त्यामुळे हस्तकला प्रदर्शनात खरेदीच नको’ असं काहीजण म्हणतात, ते मला निम्मंच पटतं. फसायला होतं, खरंय. यंत्रावर छापलेली ओढणी ठशांची समजून मीही हौसेने घेऊन आले आहे. पण मातीच्या भांड्यांचं तसं नाही.

एकदा स्टॉलवर कप निवडत होते, तर तिथल्या बाईंनी तो हातातून घेतला आणि सरळ उलटा केला. बुडाला शिंपल्यासारख्या वक्र रेषा. कुंभाराचं चाक फिरत असताना दोऱ्याने भांडं कापून काढलं की त्या उमटतात म्हणे. मग आत बोट फिरवायला लावलं. तळापासून काठाकडे चढत गेलेली वळणं, म्हणजे चक्क घडवणाऱ्याची बोटं! साच्यातल्या कपाला बहुतेकदा सांध्याची बारीक उभी रेघ असते, नीट घासली नसेल तर नखाला लागते. बूड तासून गुळगुळीत केलेलं असेल तर मात्र तो शिंपला दिसत नाही, तेव्हा आतली वळणंच बघायची. आणि उचलण्याआधी विचारा. नुसता कान धरून उचललेला एक कप माझ्या हातून फुटलाय.