माती खरी, पण भाजलेली

बांधकामात भर म्हणून भाजून फुगवलेल्या मातीचे हलके गोळे वापरतात. त्यांच्या बाजूने म्हटलं जातं, ‘शेवटी मातीचेच गोळे, मग पर्यावरणाला त्रास कसला?’ हा मुद्दा तितकासा पटला नाही. एक गोळा फोडून बघा. आत पावासारखी जाळी दिसेल. ती आपोआप येत नाही. फिरत्या भट्टीत साधारण ११०० ते १२०० अंशांवर माती मऊ पडते, आतले वायू तिला फुगवतात आणि वरून कडक साल धरते. म्हणजे खरा हिशेब मातीचा नाही, इंधनाचा आहे. कोळसा की भुसा, हे आधी विचारा.

फायदा आहेच. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये घनमीटरभर भर घालायची तर विटांचे तुकडे सहज टनभर होतात, हे गोळे साडेतीनशे-चारशे किलोंत भागतात. पण लोखंड-सिमेंट वाचतं ते इंजिनिअरने आधीच हलकं वजन धरून डिझाइन केलं असेल तर. उभ्या इमारतीत नुसती भर बदलून भट्टीच्या इंधनातून हवेत गेलेला कार्बन भरून निघत नाही. उलट तोडफोडीतले वीटतुकडे फुकट पडलेले असतात.

गच्चीवर उष्णतारोधनासाठी मात्र मी गोळेच घालेन. फक्त वॉटरप्रूफिंग चोख हवं, कारण भिजले की लवकर सुकत नाहीत.