गावच्या फ्लेक्सवर 'तृतीयपंथी' लिहू की 'ट्रान्सजेंडर'?

सेवाकेंद्रवाला (दारव्हा तालुका)
नमस्कार मंडळी. एक अडचण आहे. मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो. 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून जे ओळखीचं प्रमाणपत्र मिळतं त्याचा फॉर्म कसा भरायचा, कागद कोणते लागतात, हे सांगायला आमच्या गावात शिबिर घ्यायचं ठरलं आहे आणि त्याचा फ्लेक्स मला बनवायचा आहे. सरकारी कागदांत असतं तसं मी 'तृतीयपंथी व्यक्तींसाठी शिबिर' असं टाईप केलं, तर आशाताई म्हणाल्या हे लिहू नका भाऊ, ज्यांच्यासाठी घेऊन राहिलो त्यातले कितीतरी येणारच नाहीत. सरपंच म्हणतात 'किन्नर' लिहा, ऐकायला बरं वाटते. ग्रामसेवक म्हणतात 'ट्रान्सजेंडर' कोणाले समजन? आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तर पुरुष, स्त्री आणि खाली 'इतर' एवढंच येतं. तर या माणसांना मराठीत नेमकं काय म्हणायचं, कोणी सांगेल का?

निवृत्तमास्तर (अकोला)
'तृतीयपंथी' हाच योग्य शब्द. आपल्या परंपरेत तिसऱ्या प्रकृतीची कल्पना फार जुनी आहे, अमरकोशात 'तृतीयाप्रकृतिः' आहे, कामसूत्रात तिचे स्त्रीरूपिणी आणि पुरुषरूपिणी असे दोन प्रकारसुद्धा सांगितले आहेत. घरात पीठ असताना शेजारी मागायला जायची आपल्याला सवय लागली आहे. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि फ्लेक्सवर आपण 'ट्रान्सजेंडर' लिहिणार, हे मला पटत नाही.

तीचमी (अमरावती जिल्हा)
मास्तर, नमस्कार. अमरकोशातली ती ओळ पूर्ण वाचा ना सर. 'तृतीयाप्रकृतिः'च्या शेजारी शण्ढ, क्लीब, पण्ड, नपुंसक हेच बसले आहेत. म्हणजे जुनं आहे म्हणून मानाचं आहे असं नाही.

आणि 'पंथ' म्हणाल तर महानुभावांचं रिद्धपूर आमच्यापासून लांब नाही. महानुभाव पंथात माणूस उपदेश घेऊन येतो, आपल्या मर्जीनं येतो. मी कोणाचा उपदेश घेतला नाही, मला समजायला लागलं तेव्हापासून मी अशीच आहे. ज्या गुरू करतात, डेऱ्यात म्हणजे गुरूजवळ एकत्र राहतात, लग्न-बारशाला बधाई मागायला जातात त्यांची गुरू-चेल्याची रीत आहे, घराणी आहेत, त्यांना पंथ म्हटलं तर मी समजू शकते आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, मला घरातून काढलं तेव्हा पहिलं जेवण त्यांनीच दिलं. पण मी त्यात गेली नाही. मी शिवणकाम करते. 'तृतीयपंथी' असा फ्लेक्स दिसला तर मी समजेन की हे डेऱ्यातल्या बायांसाठी आहे आणि पुढे निघून जाईन. तुमच्या आशाताईंना बरोबर कळलं.

'इतर'चं तर काय सांगू. भाजी, किराणा, इतर. त्यात माणूस टाकता का?

मामा_वणीचा
ताईंनी जे सांगितलं त्याला माझ्याकडून एक जोड. माझा भाचा आहे, जन्मला तेव्हा भाची होता. आता पंचविशीतला आहे, दाढी आहे, ट्रॅक्टर चालवतो, पऱ्हाटीची फवारणी एकटा करतो. गावात त्याला कोणी 'तृतीयपंथी' म्हटलं तर लोकांना वाटते साडी नेसणारा कोणी असेल, कारण हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर रेल्वेतल्या बायाच येतात. ट्रान्स पुरुष म्हणून काही असते हेच कोणाला माहीत नाही.

त्यानं प्रमाणपत्राचा अर्ज केला तेव्हा मीच सोबत होतो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरंच, त्याच्यातच जीव गेला. सुप्रीम कोर्टानं 2014 च्या एप्रिलमध्ये नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) केसमध्ये स्पष्ट सांगितलं आहे की माणूस स्वतःला काय समजतो ते धरा, ऑपरेशन केलं का असा आग्रह धरू नका. तरी एका ऑफिसात बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला, सगळ्यांसमोर. पोरगं त्या दिवशी घरी येऊन जेवलं नाही.

म्हणून माझं म्हणणं, 'तृतीय' नको. तो तिसरा नाही, तो पुरुष आहे.

निवृत्तमास्तर (अकोला)
मामा, तुमच्या भाच्याला माझा आशीर्वाद. पण त्याच निकालात न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी 'तिसरे लिंग' ही संज्ञा मान्य केली आहे हेही सांगा की.

मामा_वणीचा
मान्य केली सर, पण ज्याला तिसरं म्हणून घ्यायचं आहे त्याच्यासाठी. त्याच निकालात पुरुष किंवा स्त्री म्हणून ओळख घ्यायचाही हक्क दिला आहे. दोन्ही वाचा.

बेड्यावरचा (वाशीम)
शब्दाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आम्ही पारधी. आमच्यासारख्या जमातींवर 'जन्मजात गुन्हेगार' असा शिक्का ज्या कायद्यानं मारला त्याचं 1871 चं पूर्ण नाव काढून पाहा, त्यात गुन्हेगार जमातींच्या बरोबरीनं 'युनक' हा शब्द आहे. म्हणजे खच्ची केलेला. इंग्रजांनी हिजडा समाजाला तो शब्द लावला आणि पोलिसाच्या रजिस्टरात नावं चढवली, बाईचे कपडे घालून रस्त्यावर नाचलं तरी अटक. आधी वरून शब्द आला आणि त्याच्यामागून शिपाई आला. आम्ही 1952 ला विमुक्त झालो म्हणतात, पण गावात चोरी झाली की आजही पहिले आमच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, गाडी येते. म्हणून मास्तर, शब्द शुद्ध आहे का हे मी दुसऱ्या नंबरवर विचारतो. कोणी दिला, हे पहिले विचारतो.

झाडीपट्टीवाला (भंडारा)
आमच्याकडं खडी गंमत हे लोकनाट्य होते, त्यात नाच्या असतो, बाईचा वेश घेऊन नाचणारा गडी. आमचे काका नाच्या होते, चार लेकरांचे बाप, सकाळी धान रोवायला जात. त्यांना कोणी चिडवायला 'हिजडा' म्हणे, आणि खरोखर जे तसे होते त्यांना चिडवायला 'नाच्या' म्हणत. सगळ्यांची एकच मोट बांधलेली. नाच्या हे काम आहे, ती ओळख नाही, एवढं तरी वेगळं ठेवा.

'किन्नर'बद्दल. किं नर, म्हणजे 'हा नर आहे काय?' अशी त्याची फोड करतात. पुराणात ते गाणारे देवलोकातले, घोड्याचं तोंड असलेले. सरपंचांना ऐकायला बरं वाटते कारण अर्थ कोणी विचारत नाही. मला तर ती फोडच टोचते, नावातच प्रश्न.

निवृत्तमास्तर (अकोला)
किन्नरची ती फोड शब्दकोशांत आहे, पण फोडीवरून आजचा अर्थ ठरत नाही. नागपूरकडे त्या समाजातले कितीतरी लोक स्वतःहून 'किन्नर' म्हणवून घेतात, ते आपण कोण नाकारणार? 'हिजडा' अरबी 'हिज्र'वरून, म्हणजे आपली टोळी सोडून जाणे, असं एक मत आहे. काही लोक फारसी 'हीज'कडे बोट दाखवतात. मला पहिलं पटतं, घर सोडण्याचा अर्थ त्यात आहे.

तीचमी (अमरावती जिल्हा)
घर सोडलं नाही सर, घरानं सोडलं.

तो शब्द डेऱ्यातल्या बाया एकमेकींना अभिमानानं लावतात, तो त्यांचा. 2019 च्या कायद्यातसुद्धा किन्नर, हिजडा, अरावाणी, जोगता ही नावं लिहिली आहेत. पण बसस्टँडवरच्या पोट्ट्याच्या तोंडून तोच शब्द येतो तेव्हा तो दगड असतो. छक्का, बायल्या हे तर बोलूच नका, त्यांची व्युत्पत्ती पण शोधू नका कोणी, हात जोडते.

पुण्यातून_यवतमाळकर
इकडे संस्थांमध्ये काम करणारे लोक 'पारलिंगी' म्हणतात. पारलिंगी स्त्री, पारलिंगी पुरुष. मामांच्या भाच्यालाही चालतो, ताईंनाही चालतो, मास्तरांनाही चालेल कारण मराठी आहे. मला वाटतं हाच लिहावा.

निवृत्तमास्तर (अकोला)
उत्तम शब्द. मी विरोध मागे घेतो.

सेवाकेंद्रवाला (दारव्हा तालुका)
आशाताईंना विचारलं. त्या म्हणतात 'लिंग' हा शब्द फ्लेक्सवर आला की पोट्टे फोटो काढून ग्रुपवर टाकतील. गावात लिंग म्हणजे एक तर महादेवाचं नाहीतर ते. शाळेत व्याकरणात असते तेवढंच. आणि 'पारलिंगी' मी सरपंचांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले कोण्या देवाचं नाव आहे का.

मामा_वणीचा
आशाताई खऱ्या आहेत. मराठीत शरीर, ओळख, व्याकरण सगळ्याला 'लिंग' हा एकच शब्द. 'लिंगभाव' पुस्तकात आहे, चौकात नाही. माझा भाचा स्वतःला 'ट्रान्स' म्हणतो, मोबाईलवरच शिकला तो शब्द. आमची बहीण, चौथी शिकलेली, ती पण आता 'माह्या पोरगा ट्रान्स आहे' असं सांगते. शब्द समजत नाही हे ग्रामसेवकांचं म्हणणं खरं नाही, मोबाईल आणि रिचार्ज कसे समजले?

आशा_सेविका_दारव्हा
मीच ती आशाताई, भाऊनं लिंक पाठवली म्हणून आली. माझा प्रश्न वेगळा आहे. मी गृहभेटीला जातो तेव्हा असं एखादं लेकरू भेटते, त्याच्याशी बोलताना 'तू आला का' म्हणू की 'आली का'? विचारायची लाज वाटते आणि चुकलं तर ते बोलणंच बंद करते. 'ते आलं' म्हणू का? आमच्याकडं लाडानं पोट्टं, लेकरू म्हणतोच ना आपण.

तीचमी (अमरावती जिल्हा)
ताई, लहान असेल तर लेकरू म्हणा, त्यात माया आहे. मोठ्या माणसाला 'ते आलं' म्हणू नका, वस्तू झाल्यासारखं वाटते. सरळ विचारा, 'तुले काय म्हणू?' आजपर्यंत मला हे विचारणाऱ्या फार थोड्या, त्या सगळ्या लक्षात आहेत.

आणि ताई, तुम्ही आत्ता लिहिलं 'मी गृहभेटीला जातो'. बाई असून 'जातो'. आमची आजी, आई, सगळ्या 'मी येतो', 'मी करतो' असंच म्हणायच्या. म्हणून लहानपणी मी 'मी येतो' म्हणे तेव्हा त्यात मला पोरगा असल्यासारखं कधी वाटलंच नाही, आईसारखंच बोलत होती. अडचण भूतकाळात यायची. आई 'मी गेली' म्हणे, मला 'गेलो' म्हणावं लागे. तर मी काय करे, 'जेवलो' म्हणायच्या ऐवजी 'भाकर खाल्ली', 'आंघोळ केली', 'अभ्यास केला', म्हणजे क्रियापद भाकरीवर जाते, माझ्यावर येत नाही. 'आलो' म्हणायची पाळी आली की 'येणं झालं'. कोणाच्या लक्षात नाही आलं. मग पुण्याला कामाला गेली तर तिथे माझं 'मी येतो' ऐकून लोक हसायचे, बाईसारखी राहते आणि बोलते पुरुषासारखी. मग 'येते' शिकली. त्या दिवसापासून आईची बोली सुटली, त्याचं वाईट वाटते.

निवृत्तमास्तर (अकोला)
ताई, आयुष्यभर मराठीचं व्याकरण शिकवलं, कर्मणी प्रयोगाचं असं उदाहरण मला कोणी दिलं नव्हतं. 'मी भाकर खाल्ली' यात कर्ता स्त्री की पुरुष हे कळत नाही हे मी फळ्यावर रोज लिहिलं आहे. तुम्ही त्यात लहानपण काढलं.

एवढं मात्र नोंदवतो की बायकांचं 'मी येतो' हा हिंदीच्या संसर्गाचा परिणाम असावा.

पुण्यातून_यवतमाळकर
हिंदीत तर 'मैं आता हूँ' आणि 'मैं आती हूँ' वेगळंच आहे सर. हिंदीमुळे कसं होईल?

मामा_वणीचा
तेलुगूचं असेल. राजुरा, सिरोंचाकडे तेलुगू बोलतात, त्यात 'मी येतो' बाई-माणूस दोघंही 'वस्तानु'च म्हणतात. आमचा आणि त्यांचा बाजार जुना.

बेड्यावरचा (वाशीम)
सिरोंचा कुठं आणि अकोला कुठं मामा. ताईंचं गाव तर अमरावतीकडचं आहे.

सेवाकेंद्रवाला (दारव्हा तालुका)
मी आता असं करतो. वर 'ट्रान्सजेंडर ओळखपत्र शिबिर' आणि खाली 'ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष, किन्नर, तृतीयपंथी, सर्वांसाठी'. आणि नावं गुप्त राहतील ही ओळ मोठ्या अक्षरात. कोणाची हरकत?

तीचमी (अमरावती जिल्हा)
नावं गुप्त राहतील ही ओळ सगळ्यात वर घ्या भाऊ. आणि शिबिर चावडीवर ठेवू नका, आरोग्य उपकेंद्रात ठेवा, तिथे कोणीही कशासाठीही जाते.

अजून एक. भादली बुद्रुकच्या ट्रान्स स्त्री अंजली पाटील यांचं त्या दिवशी सांगा. महिला राखीव वॉर्डातून त्यांचा उमेदवारी अर्ज नाकारला होता, औरंगाबाद खंडपीठात गेल्या, 2021 च्या जानेवारीत स्त्री म्हणून लढल्या आणि निवडून आल्या. जळगाव जिल्हा म्हणजे आपल्या बुलढाण्याच्या शेजारी, ग्रामपंचायतच आहे, लोकांना पटते.

निवृत्तमास्तर (अकोला)
'सर्वांसाठी'च्या आधी स्वल्पविराम नको. आणि 'तृतीयपंथी' शेवटी का टाकला?

झाडीपट्टीवाला (भंडारा)
'मी येतो' आमच्या आजीच्या तोंडून मी ऐकलं नाही, ती तिरोड्याची. 'येतो' कुठपर्यंत आहे? वर्धा नदीच्या अलीकडे का पलीकडे?

आशा_सेविका_दारव्हा
माझं माहेर आर्णीकडचं. आमच्याकडं सगळ्याच बाया 'येतो' म्हणतात. सासरी पण. आता पोरी शाळेत जाऊन 'येते' म्हणायला लागल्या, माझी पोरगी मलाच दुरुस्त करते.

मामा_वणीचा
वणीत पण 'येतो'. पण वणी, आर्णी, दारव्हा सगळी वर्धा नदीच्या पश्चिमेलाच, पलीकडचं माहीत नाही. गडचिरोलीचं कोणी आहे का इथे?