ॲजाइलला वरच्यांचा होकार मिळवायचा कसा? (आणि मिळवायचा तरी का?)

गोटीबंद (धागाकर्ता)

"आपण ॲजाइल होऊया" (म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या-छोट्या टप्प्यांत बनवून लवकर हातात देऊया) असं सादरीकरण वरच्यांपुढे नेलं की ते हमखास पडतं. संचालकांना स्प्रिंट (ठरावीक, छोट्या मुदतीचा कामाचा टप्पा) आणि स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचं टीमचं अंदाजी माप) यांच्याशी देणंघेणं नसतं. पैसा कधी दिसणार, चुकलं तर किती बुडणार आणि जाब कोणाला विचारायचा, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून माझं मत: पहिल्या बैठकीत 'ॲजाइल' हा शब्द काढूच नका, आकडे न्या.

लाइव्ह गेलेले, म्हणजे वापरणाऱ्यांच्या हातात पोचलेले, सॉफ्टवेअरमधले शेवटचे दहा बदल घ्या. प्रत्येकाच्या चार तारखा लिहा: मागणी आली, काम हातात घेतलं, टेस्टिंगला दिलं, लाइव्ह झालं. तिकिटांमध्ये (प्रत्येक कामाच्या नोंदीत) त्या सापडतातच. मग प्रत्येक टप्प्यात प्रत्यक्ष काम किती दिवस झालं आणि तिकीट नुसतं पडून किती दिवस होतं, ते वेगळं काढा. टेस्टर तीन टीममध्ये वाटलेले आणि रिलीजची मंजुरी महिन्यातून एकदा, अशा ठिकाणी पडून राहण्याचे दिवस कामाच्या दिवसांना सहज मागे टाकतात. हे एका पानावर मांडा आणि त्याखाली एकच मागणी लिहा: सात जणांची एक टीम, दोन आठवड्यांचे सहा स्प्रिंट, म्हणजे 12 आठवडे.

प्रयोगाचं काम निवडताना दोन टोकं टाळा. कंपनीचा श्वास ज्यावर चालतो ते नको आणि ज्याची कोणी वाट पाहत नाही तेही नको. प्रयोग कशाने फसला असं मानायचं, तेही आधीच लिहून द्या. वरच्यांचा विश्वास बसतो तो या ओळीवर.

आडमुठा

असहमत. वरचे नाही म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांचंच बरोबर असतं. 'ॲजाइल आहोत' म्हणजे तारीख देणार नाही, दस्तऐवज लिहिणार नाही आणि मागण्या बदलल्या की खांदे उडवणार, असा अर्थ कित्येक टीमनीच करून ठेवलाय. 2001 साली अमेरिकेत स्नोबर्डला 17 जणांनी ॲजाइलचा जो जाहीरनामा लिहिला, त्यात रोजच्या उभ्या बैठकीचा किंवा स्टोरी पॉइंटचा उल्लेखही नाही. चालू सॉफ्टवेअर दर दोनेक आठवड्यांनी ते दोनेक महिन्यांनी, जमेल तितकं लवकर हातात द्या, हे मात्र त्याच्या तत्त्वांत आहे. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. रोज पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि रिलीज तिमाहीला.

वित्त विभागाला तारीख लागतेच. ती कुठून आणणार?

कोरा कागद

@आडमुठा, तारीख देता येते, फक्त अंदाजपंचे नको. समजा बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) साधारण सारख्या आकाराची 60 कामं आहेत. गेल्या काही महिन्यांतले सलग चार-चार आठवडे तपासा. सर्वात मंद चौकडीत आठवड्याला सरासरी 3 कामं संपली, सर्वात वेगवान चौकडीत 5. म्हणजे 12 ते 20 आठवडे. वित्तवाले म्हणतील, एवढी रुंद फट चालणार नाही. मग तारीख पक्की करा, 12 आठवडे. तोवर 36 कामं बऱ्यापैकी खात्रीने होतील, उरलेली 24 झाली तर झाली. आता धंद्याच्या माणसाने बसून पहिली 36 कोणती ते ठरवायचं. खरी झटापट इथेच होते, कारण सगळंच 'अत्यावश्यक' असतं.

खर्चाचं म्हणाल तर तो इथे जास्त पक्का असतो. ठरलेली टीम, ठरलेले महिने, म्हणजे पगाराचा आकडा आधीच ठाऊक. हलते ती व्याप्ती. हे वाक्य वित्त विभागासमोर जसंच्या तसं बोला.

तिसरी घंटा

दोघंही वर बघताय, अडथळा मध्ये आहे. संचालक एका बैठकीत 'करून बघा' म्हणून मोकळे होतात. मधल्या मॅनेजरचं वार्षिक मूल्यमापन मात्र 'माणसं 100 टक्के कामाला लावली का' यावर असतं. मग तो एकेकाला तीन प्रकल्पांत वाटतो. हातात 24 कामं उघडी आणि आठवड्याला 4 संपत असतील, तर नवीन काम सरासरी सहा आठवड्यांनी बाहेर पडणार. संपण्याचा वेग तोच ठेवून उघडी कामं 12 वर आणली की तीन आठवडे. हा निव्वळ भागाकार आहे, पण मॅनेजरला तो आळस वाटतो, कारण काही माणसं मोकळी दिसतात.

त्यामुळे होकार मागताना मूल्यमापनाचा निकषही बदलून मागा, निदान त्या एका मॅनेजरपुरता आणि त्या 12 आठवड्यांपुरता. नाहीतर तिसऱ्या स्प्रिंटला 'फक्त दोन दिवसांसाठी' म्हणत माणसं उचलली जातात.

भिंगरी

+१. शिवाय प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय आणि कोणत्या क्रमाने बनवायचं ते ठरवणारा माणूस. बहुतेक प्रयोग इथेच मरतात. नाव दिलेलं असतं, अधिकार नसतो. टीमने विचारलं, 'सवलत आधी लावायची की कर आधी?' तो वर विचारणार, उत्तर चौथ्या दिवशी. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे दिवसच दहा. अशा दोन प्रश्नांत स्प्रिंट संपला. दुसऱ्या दिवसाच्या आत उत्तर आणि ते नंतर फिरवायचं नाही, एवढं लेखी घ्या.

आडमुठा

@कोरा कागद, गणित मान्य. पण वरच्यांना आकडे दिले की ते त्या आकड्यांचंच लक्ष्य करतात. व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये संपवलेले पॉइंट) 30 वरून 40 करा म्हटलं, की पुढच्या महिन्यात तीन पॉइंटचं काम पाच पॉइंटचं होतं. आकडा वाढला, काम तेवढंच. आणि ठरावीक किमतीच्या कंत्राटात 36 आणि 24 ची वाटणी ग्राहक ऐकूनच घेणार नाही. व्याप्ती जोडपत्रात बांधलेली असते.

गोटीबंद

व्हेलॉसिटी वर पाठवूच नका, ती टीमच्या भिंतीपुरती. वर तीनच गोष्टी जाव्यात: मागणीपासून लाइव्हपर्यंतचे दिवस, लाइव्ह झाल्यावर निघालेले बग, आणि दर दोन आठवड्यांनी चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा डेमो. डेमोत स्लाइड दिसल्या की समजा गाडी घसरली.

कंत्राटाबाबत मात्र तुमचं बरंच खरं आहे. तिथे एक कलम चालू शकतं: न सुरू झालेलं काम त्याच आकाराच्या दुसऱ्या कामाशी बदलता येईल, किंमत तीच. ग्राहकाचा खरेदी विभाग तेही नाकारत असेल, तर त्या प्रकल्पावर प्रयोग करू नका.

आडमुठा

आकार कोण ठरवणार? ते कलमात नसेल तर दर अदलाबदलीला भांडण.

कोरा कागद

दोन्ही बाजूंचा एकेक माणूस, एकत्र बसून, काम सुरू होण्याआधी. मतभेद झाला तर मोठा आकडा धरायचा. आणि एका स्प्रिंटमध्ये दोनच अदलाबदली, नाहीतर तेच काम होऊन बसतं.