मदत हवी आहे: तीर्थनवर ट्राउटसाठी जायचंय, इथं शेततळ्यावरच लाईन जमंना

परभणीचा_गळ:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हिमाचलात तीर्थन नदीवर एक पूर्ण दिवस ट्राउटसाठी ठेवलाय. रोहू-मरळ गळाला लावायची सवय आहे, फ्लाय (पिसं-केस बांधून किड्यासारखा केलेला हलका गळ) मात्र नवीन. साहित्य असं: 9 फुटी, 5 नंबरचा, चार तुकड्यांचा रॉड, 5 नंबरचीच फ्लोटिंग लाईन, पुढं 3 फूट 0.30 मिमी तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि 14 नंबरची फ्लाय. लाईन पुढं जाऊन ढिगासारखी पडते. अधूनमधून मागं चाबकासारखा आवाज येतो आणि फ्लायच गायब. 50 फूट तरी जावी म्हणून जोर लावतोय तर अजून बिघडतंय. नेमकं काय चुकायलंय? आणि ट्राउट नाहीत तर इथं सराव कशावर करावा?

वेडी_बाभूळ:
भाऊ, आधी तो तंगूस काढा. गळाला शिसं असतं, ते दोऱ्याला ओढत नेतं. फ्लायला वजन नसतंच, वजन लाईनला असतं: 5 नंबरच्या लाईनच्या पहिल्या 30 फुटांचं साधारण 9 ग्रॅम. तो जोर फ्लायपर्यंत हळूहळू पोचवायला पुढचा लीडर (लाईन आणि फ्लायमधला दोरा) जाडीकडून बारीक होत जावा लागतो. एकाच जाडीचा 3 फुटांचा तुकडा ते काम करत नाही.

9 फुटी, 5 एक्सचा (हा टोकाच्या जाडीचा नंबर) तयार लीडर घ्या. नाही मिळाला तर घरी बांधा: 0.45 मिमी 4 फूट, 0.35 मिमी दीड फूट, 0.25 मिमी दीड फूट, शेवटी 0.16 मिमी 2 फूट. जोडाला सर्जन्स नॉट, शेवटच्या जोडाला तीन वेढे. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी ओढली की घर्षणाने तंगूस भाजतो आणि मासा लागल्यावर तिथंच तुटतो.

चाबकाचा आवाज म्हणजे मागची लाईन सरळ व्हायच्या आत तुम्ही रॉड पुढं मारताय. घड्याळाच्या काट्यात सांगायचं तर 10 ते 1 एवढीच हालचाल, 1 वर झटक्यात थांबा, मान वळवून लाईन उलगडलेली बघा, मग पुढं. मनगट फार मोडलं की रॉड 3 वर जातो आणि लाईन मागच्या बाभळीत.

50 फुटांचा नाद सोडा. असल्या नदीवर 25-30 फूट पुष्कळ.

गोदाकाठ:
वरच्याशी सहमत, फक्त शेततळ्याबद्दल एक सांगतो. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याच्या उतारावर उभं राहू नका. शेवाळलेल्या कागदावर पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. बांधावर सपाट जागी उभे राहा, काठाला दोर बांधून ठेवा, एकटे जाऊ नका.

पहिले आठ दिवस पाण्याची गरजच नाही. गवताच्या मैदानावर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, सकाळी वारा पडलेला असताना. मुरमावर नको, लाईनचं आवरण खरडतं. नंतर तळ्यातल्या चिलापीवर बारीक निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) टाका, ती घेते. डोळ्यावर चष्मा, डोक्यावर टोपी, मग लाईन कितीही वेडीवाकडी येऊ द्या.

पण तळ्यात प्रवाह नाही, आणि खरी मेख तिथं आहे. सप्टेंबरात ओढा गुडघाभर वाहत असेल तर तिथं जा. अस्तरीकरण केलेल्या कालव्यात अजिबात उतरू नका.

परभणीचा_गळ:
लीडर बांधला, ढीग पडणं जवळजवळ थांबलं. प्रवाहाची मेख काय ते जरा सविस्तर सांगाल का? आणि रोहूला जसा झटका देतो तसाच द्यायचा का?

गोदाकाठ:
मधली धार जोरात, काठचं पाणी संथ. लाईन मधल्या धारेवर पडली की तिला पोट येतं आणि ती फ्लायला ओढत नेते. पाण्यावर फ्लायमागं बारीक रेघ उठली की समजा ट्राउटनं ओळखलं. खरा किडा रेघ काढत नाही. म्हणून लाईन पडल्या पडल्या रॉडच्या टोकानं तिचं पोट वरच्या अंगाला उचलून टाका. ह्याला मेंडिंग म्हणतात. चुकीच्या फ्लायपेक्षा ह्या रेघेपायी जास्त मासे जातात, असं माझं मत.

ट्राउट प्रवाहाकडं तोंड करून उभा असतो, म्हणून खालून वर चालत जा. मोठ्या दगडाच्या मागं, संथ आणि जोरकस पाण्याच्या शिवेवर पहिली फ्लाय.

वेडी_बाभूळ:
रोहूचा झटका विसरा. 0.16 चा तंगूस तिथंच जाईल. पाण्यावर तरंगणारी फ्लाय घेतली की माशाला तोंड मिटू द्या, मग रॉडचं नुसतं टोक उचला. निम्फ पाण्याखाली असते, तिथं निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर, वर तरंगणारा लोकरीचा बोंडा खूण म्हणून बांधा. तो किंचित अडखळला तरी उचला. दगड लागला असेल, असू द्या.

फ्लाय 12 ते 16 नंबरच्या ठेवा (नंबर मोठा तितका गळ बारीक): निम्फमध्ये फेझंट टेल, हेअर्स इअर, वर तरंगायला एल्क हेअर कॅडिस. दिवसा निम्फ, ऊन उतरल्यावर वरची. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका, हात ओला केल्याशिवाय मासा धरू नका, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. सोडताना तोंड प्रवाहाकडं, आणि स्वतःहून निसटेपर्यंत धरून ठेवा.

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाचा लागतो, आधी काढा. ट्राउटच्या पाण्यात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, कारण तो अंडी घालायचा काळ. तुमच्या तारखा बसतात, पुढं ढकलू नका.

परभणीचा_गळ:
आभार दोघांचे. सचखंड एक्सप्रेसनं अंबाल्यापर्यंत, पुढं मनालीच्या बसनं औटला उतरून बंजारकडं, असा बेत आहे. रॉड वरच्या बर्थवर ठेवू ना?

गोदाकाठ:
ठेवा, पण कडक नळीत. पीव्हीसीचा पाइप चालतो, दोन्ही तोंडांना बूच. नुसत्या कापडी पिशवीतला रॉड कुणाच्या तरी ट्रंकेखाली जातो.