मागच्या बाजूला तारीख जरूर लिहा

मुलांची चित्रं लॅमिनेट करून ठेवावीत असं बरेच जण सुचवतात, त्याबद्दल थोडं. लॅमिनेशनमध्ये प्लास्टिक उष्णतेने कागदाला कायमचं चिकटतं, नंतर सोडवता येत नाही, आणि मेणखडूचे रंग त्या उष्णतेने वितळून पसरू शकतात. त्यापेक्षा चित्रांच्या मध्ये आम्लरहित (अ‍ॅसिड नसलेला) कागद घालून सपाट खोक्यात ठेवलेली बरी. सेलोटेप तर नकोच. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो. स्केचपेनचे रंगही उजेडाने उडतात, म्हणून भिंतीवर स्कॅन केलेली प्रत लावा, मूळ चित्र आत राहू द्या.

आमच्या लेकीने तीन-साडेतीन वर्षांची असताना माझं चित्र काढलं होतं. एक भलंमोठं डोकं, त्यालाच खालून दोन लांब पाय, कानांच्या जागी हात. धड नाहीच! या वयाची बरीच मुलं माणूस असाच काढतात. पुढे धड येतं, मान येते, आणि हा डोक्याला पाय फुटलेला माणूस परत कधी दिसत नाही. म्हणून मोठ्यांचा हात लागलेल्या सुबक भेटकार्डांपेक्षा मला ही चित्रं कितीतरी मोलाची वाटतात. जागा कमी असेल तर हीच आधी ठेवा.

आणि मागे मऊ पेन्सिलने तारीख, शिवाय मूल चित्राबद्दल काय बोललं तेही त्याच्याच शब्दांत लिहा. माझ्या चित्रामागे आहे: "बाबा पळतोय, पोट मागून येतंय."