शब्दचर्चा: लाकडातल्या ‘इनले’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादी
सीएनसी राउटरच्या (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणाऱ्या यंत्राच्या) एका माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. वाचणारे सुतारकाम जाणणारे, यंत्र मात्र त्यांना नवं. एका लाकडात खोलगट आकार कोरायचा, दुसऱ्या रंगाच्या लाकडाचा तसाच तुकडा कापून त्यात बसवायचा, त्याचा हा धडा आहे. मी या कामाला, म्हणजे इनलेला ‘जडावकाम’, कोरलेल्या पॉकेटला ‘खोबण’, त्यात बसणाऱ्या प्लगला ‘बूच’ आणि तो सहज जावा म्हणून सोडलेल्या क्लिअरन्सला ‘माया’ लिहिलं. तपासणाऱ्याने चारही खोडले. जडाव सोनाराचा, खोबण डोळ्याची, बूच बाटलीचं आणि माया शिंप्याची, असा शेरा आहे. त्याच्या मते इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवावेत. तुमचं काय मत? निदान धड्याच्या मथळ्यापुरता तरी एक शब्द सुचवा.

एक_सूत
तपासणारा बरोबर आहे. यंत्राच्या पडद्यावर ‘पॉकेट’ असं बटण असतं. पुस्तिकेत ‘खोबण’ वाचून माणूस ते बटण शोधत बसेल.

शुद्धलेखू
मग पुस्तिकाच इंग्रजीत द्या की, भाषांतराचा खर्च वाचेल. हाताशी शब्द आहेत. गणपतीच्या आरतीतल्या एकाच कडव्यात ‘रत्नखचित’ आणि ‘हिरेजडित’ दोन्ही येतात, म्हणजे रोज म्हणणाऱ्याला दोन्ही कळतात. ‘काष्ठखचित’ किंवा सुटसुटीत ‘खचितकाम’ करा.

रंधा
‘खचितकाम’ ऐकून गिऱ्हाईक विचारेल, काय खचलं? शिवाय खचित म्हणजे नक्की. ‘खचितकाम खचित घट्ट बसेल’ असं वाक्य छापायचंय का?

मथळ्याला ‘जडावकाम’ राहू द्या, वाईट नाही. पण पॉकेटला आपल्याकडे आयता शब्द आहे : घर. बिजागरीचं घर, बेअरिंगचं घर, बटणाचं घर. वस्तू जिथे नेमकी बसते ते घर. ‘घर ३ मिमी खोल घ्या, तुकडा साडेतीन मिमी जाड ठेवा, वर राहिलेला अर्धा मिमी नंतर घासा’ हे वाक्य कुठल्याही सुताराला एका वाचनात कळेल.

अनुवादी
‘घर’ आवडलं. पण पुढच्या परिच्छेदात घराचे कोपरे गोल होतात असं आहे, तिथे वास्तुशास्त्र सुरू झाल्यासारखं वाटतं.

एक_सूत
वाटू द्या, तो मुद्दा महत्त्वाचा आहे. बिट (कापणारं पातं) गोल फिरतं, म्हणून घराच्या आतल्या कोपऱ्यात बिटच्या त्रिज्येएवढी गोलाई राहतेच. ३ मिमी बिट असेल तर दीड मिमी. तुकडा मात्र बाहेरून कापला जातो, त्याचे बाहेरचे कोपरे टोकदार येतात. टोकदार कोपरा गोल कोपऱ्यात जात नाही, मग लोक हातोडी घेतात आणि पाटी फुटते. तुकड्याला आत वळलेला कोपरा असेल तर तिथे उलट होतं, तुकडा गोल आणि घर टोकदार.

यावर उपाय संगणकातल्या चित्रातच करायचा. रेषा त्रिज्येएवढी आत सरकवा, मग दुप्पट बाहेर, मग पुन्हा एकपट आत. दोन्ही जातींचे कोपरे सारखे गोल होतात आणि तेच एक चित्र घरालाही चालतं, तुकड्यालाही. दोन्हीला बिट एकच. सरकवताना त्रिज्येपेक्षा किंचित जास्त धरा, दीडच्या जागी १.६, म्हणजे बिट कोपऱ्यात थांबून लाकूड जाळत नाही.

बिदरकाठ
कोंदण कसं कोणाला सुचलं नाही? हिरा कोंदणात बसतो तसा तुकडा कोंदणात. घरापेक्षा देखणा शब्द.

शुद्धलेखू
कोंदण म्हणजे खळगा नव्हे. कोंदणे म्हणजे ठासून भरणे (धूर कोंदतो, आवाज कोंदतो). खड्याभोवती जे सोनं ठासतात ते कोंदण. त्या न्यायाने तुमच्या पाटीत कोंदण म्हणजे फटीत भरलेला फेव्हिकॉल.

बिदरकाठ
कोंदण हे ‘कुंदन’चंच रूप असावं असं मला वाटतं. शुद्ध सोनं ते कुंदन, त्यातली जडण तीही कुंदन. ‘कोंदणे’ क्रियापदाशी सांगड नंतर जुळली असेल.

शुद्धलेखू
असावं, वाटतं, असेल. पुरावा?

बिदरकाठ
पुरावा नाही, वास येतो. असो. बिदरी कामात (धातूच्या भांड्यांवर चांदी बसवण्याच्या कलेत) यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. जस्त-तांब्याच्या भांड्यावर रेघ कोरून चांदीची तार ठोकली तर तारकशी, खोल जागा करून पत्रा बसवला तर तहनिशान. म्हणजे कारागिराने वस्तूला नाव न देता बसवण्याच्या रीतीला दिलं. आपणही एकच शब्द का शोधतोय? सीएनसीवरही रीती दोन आहेत, सरळ भिंतीची आणि व्ही बिटची (टोकाकडे निमुळत्या बिटची). दोन्हींचं गणित वेगळं, दोन्ही कशाने बिघडतात तेही वेगळं.

रंधा
हे पटलं. सरळ भिंतीचं ते ‘जडाव’ आणि व्ही बिटचं ते ‘पाचरकाम’. व्ही बिटने घराच्या भिंती उतरत्या होतात, तुकडाही उतरता, आणि तो पाचरीसारखा आवळत खाली जातो. शब्दातच कृती आली.

एक_सूत
आणि पच्चीकारी? हिंदीत पाचरीला पच्चर म्हणतात. पाचर, पच्चर, पच्ची : एकाच घरातले दिसतात.

शुद्धलेखू
दिसतात म्हणून असतात असं नाही. पच्चीकारी संगमरवरातली आणि तिथे पाचर मारत नाहीत, मारली तर दगड तडकेल. शिवाय हिंदी उसनवारी कशाला?

बिदरकाठ
जडाव तरी तुमच्या आजोळचा का? हिंदीतही जडाऊ आहेच.

अनुवादी
मंडळी, ‘माया’चं राहिलं.

रंधा
‘माया’ इथे चूकच आहे, तपासणाऱ्याने सांगितलेल्या कारणासाठी नाही तरी. माया म्हणजे नंतर कामी यावा म्हणून ठेवलेला जास्तीचा भाग. शिवणीत अर्धा इंच माया ठेवतात. क्लिअरन्स म्हणजे मुद्दाम कमी केलेला भाग. मायेने तुकडा मोठा होईल, तुम्हाला तो लहान हवाय. खरी माया म्हणजे वर घासायला ठेवलेला तो अर्धा मिमी. आणि घराच्या कडेला शेवटच्या फेरीसाठी ०.२ मिमी लाकूड ठेवतात, तीही मायाच. ती शेवटची फेरी पूर्ण खोलीने एकदम मारायची, म्हणजे बिट वाकत नाही आणि भिंत उभी येते.

क्लिअरन्सला ‘सूट’ म्हणा. ‘प्रत्येक बाजूला ०.०५ मिमी सूट द्या.’

एक_सूत
सूट म्हटलं की दिवाळी सेल आठवतो. ‘फट’ म्हणा.

रंधा
फट दिसते. जी दिसू नये म्हणून एवढी खटपट, तिचंच नाव द्यायचं?

आकड्याचं म्हणाल तर ०.०५ सगळीकडे चालत नाही. पांढरा फेव्हिकॉल पाण्याचा, लागताच तुकडा फुगतो, कोरडा सहज गेलेला तुकडा अर्ध्यावर अडकतो. त्याला ०.०८ ते ०.१ लागते आणि हात चपळ हवा. इपॉक्सीने लाकूड फुगत नाही, तिथे ०.०५ पुरते. त्याच लाकडाच्या उरलेल्या फळीवर ०, ०.०५, ०.१० आणि ०.१५ अशी चार घरं पाडून एकच तुकडा चारही ठिकाणी बसवून बघा. तीन ठिकाणांहून तो परत निघायला हवा, म्हणून सैल घरापासून सुरुवात करा.

एक_सूत
सूट ठरवण्याआधी बिट मोजा. इथेच निम्मं काम बिघडतं आणि दोष ‘सूत’ या शब्दाचा आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. बाजारात मात्र एक सूत म्हणजे ३ मिमी धरतात, १२ मिमीच्या सळईला चार सूत म्हणतात. राउटरची बरीच बारीक बिटं सूतभर व्यासाची येतात आणि दुकानदार ‘तीन एमएम’ म्हणून देतो. सॉफ्टवेअरला ३ सांगितलं आणि बिट ३.१७५ असलं की घर प्रत्येक बाजूला ०.०८७५ मोठं होतं, तुकडा तेवढाच लहान. एका बाजूची फट झाली ०.१७५. पॉलिश मारलं की ती काळ्या रेघेसारखी उठते. मग लोक यंत्राला शिव्या देतात.

बिटवर कॅलिपर लावूनही भागत नाही. कॉलेटमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) भुसा अडकला की बिट किंचित डगमगत फिरतं आणि खाच रुंद येते. म्हणून एक सरळ खाच मारा, खाचेची रुंदी मोजा आणि तो आकडा ‘बिटचा व्यास’ म्हणून भरा.

शुद्धलेखू
म्हणजे सूत हा मराठी शब्द यंत्राच्या चुकीला जबाबदार? उलट ज्याला सूत म्हणजे किती ते ठाऊक, तो फसलाच नसता. मिलिमीटरवाला फसतो.

बिदरकाठ
‘सूत जुळणे’ इथूनच आलं असेल काय?

शुद्धलेखू
नाही.

रंधा
पाचरकामाकडे वळू, कारण मराठी पाट्यांना तेच लागतं. व्ही बिट कोपऱ्यात वर उचललं जातं, म्हणून कोपरे टोकदार येतात. ६० अंशांच्या बिटला घराचा तळ ५ मिमी. तुकडा आरशातल्यासारखा उलटा कापायचा, सुरुवातीची खोली ४ आणि तिथून खाली तळ २. तुकडा ४ मिमी आत जातो, खाली १ मिमी गोंदाला जागा राहते आणि वर २ मिमी, तुकड्यामागची फळी कापून काढणाऱ्या करवतीला. दोन्हीकडे पाच-पाच भरलं तर तुकडा तळाला टेकतो, गोंद निघायला जागा नसते आणि कडेला फट राहते. घट्ट शिकंजा आवळून ती जात नाही, कारण अडलंय तळाला.

बिटचा कोन छापील आकड्यावर सोडू नका. २ मिमी खोल खाच मारा, वरची रुंदी २.३१ यायला हवी. टोक ०.२ मिमी सपाट असेल तर २.५१. तसं असेल तर ते ०.२ सॉफ्टवेअरला सांगावं लागतं.

एक_सूत
देवनागरीची वेगळी अडचण लिहा. फॉन्टमध्ये अक्षर, मात्रा आणि शिरोरेषा एकमेकांवर चढलेल्या असतात. त्या आधी वेल्ड करून एक बाह्यरेषा करावी लागते, नाही तर बिट शिरोरेषेच्या मधूनच भिंत सोडून जातं. आणि बारीक रेघ : ६० अंशांना १ मिमी रुंद रेघेची खोली जेमतेम ०.८७ मिमी. घासताना प्रत्येक ०.१ मिमीला ती सुमारे ०.१२ ने बारीक होते. जास्त घासलं की वेलांटी गायब आणि ‘किरण’चा ‘करण’. ३० अंशांचं बिट घेतलं तर तीच रेघ १.८७ खोल जाते. अनुस्वाराचा टिंब तुकड्यावर सुटा सुळका होऊन उभा राहतो आणि फळी काढतानाच मोडतो. तिथे ड्रिल मारून गोल खुंटी बसवलेली बरी.

अनुवादी
‘वेल्ड’ला सांधणे? आणि मथळ्याचं अजून ठरलं नाही. जडाव, पाचरकाम की इनले?

शुद्धलेखू
सांधणे म्हणजे दोन वस्तू जोडणे, इथे त्या एकजीव होतात. ‘मिळवणे’.

एक_सूत
बटणावर ‘वेल्ड’ लिहिलंय हो.

बिदरकाठ
गोव्यातल्या सतराव्या शतकातल्या सागवानी कपाटांवर आबनूस आणि हस्तिदंत बसवलेले असत. तिथल्या मेस्तांकडे (सुतारांकडे) याला कोंकणीत शब्द असणार. कोणी गोव्याचं आहे का इथे?

रंधा
तोवर एक सूचना पुस्तिकेत नक्की घाला. शिसवीत शिवण किंवा हेदूसारखं फिकं लाकूड बसवलं असेल तर स्पिरिटचं पॉलिश कापडाने चोळू नये. शिसवीचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो आणि फिक्या लाकडावर जांभळट ओघळ पसरतात. पहिले दोन हात फवाऱ्याने पातळ मारायचे, वाळू द्यायचे, मग चोळायचं. शिसवीचा भुसाही घासण्याआधी ब्रशने नव्हे, व्हॅक्यूमने काढा. ब्रशने तो फिक्या लाकडाच्या रेषांत भरतो.

एक_सूत
रेषांवरून आठवलं, तुकड्याच्या रेषा पाटीच्या रेषांना समांतर ठेवा. आडव्या ठेवल्या तर कोकणातल्या पावसाळ्यात पाटी एका दिशेला फुगते, तुकडा दुसऱ्या, आणि ०.०५ चा हिशेब जुलैतच संपतो.

शुद्धलेखू
रेषा नव्हे, लाकडाचे पदर.

रंधा
पदर कांद्याचे. रेषाच म्हणतात.