लेट म्हणजे जाऊ देणं की अडवणं?

चकवा: पासपोर्टावरच्या मजकुराचं मराठी करतोय आणि पहिल्याच वाक्याला अडलो. धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावं म्हणे. लेट म्हणजे ‘देणे, करू देणे’ ना? मग परवानगीशिवाय जाऊ द्या? उद्या सकाळी मजकूर द्यायचाय.

मोडका बोरू: हा लेट वेगळा. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती, एक जाऊ देणारं, एक अडवणारं. उच्चार झिजून दोन्ही एकसारखी झाली. हॅम्लेट भुतामागे निघतो, सोबती धरून ठेवतात, तेव्हा तो ओरडतो की जो मला ‘लेट’ करील त्याचंच भूत करीन! तिथे अर्थ अडवणंच. पुढे अडवणारा मागे पडला, कायद्याच्या जोडशब्दात तेवढा उरला.

दुसरी सर्व्हिस: उरला कसला, टेनिसमध्ये रोज भेटतो. सर्व्हिस जाळीला घासून चौकटीत पडली की लेट. आमचे कोच सांगायचे, ‘नेट’चंच ‘लेट’ झालं.

मोडका बोरू: कोचना नमस्कार, पण शेजारच्या कोर्टावरचा चेंडू मध्ये घुसला तरी लेटच देतात की. तिथे जाळी कुठाय? खेळात अडथळा आला, पॉइंट पुन्हा.

उशीरलतीफ: मी आजवर गाडी लेट होते तोच लेट समजत होतो. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात हो.

मोडका बोरू: फार चुकला नाहीत. अडवणारा लेट आणि उशिराचा लेट एकाच मुळाचे, मूळ अर्थ ‘मंद’. अडवलं की उशीर होणारच.

दुसरी सर्व्हिस: चकवा, ‘बिनदिक्कत जाऊ द्यावे’ लिहा.

शुद्धमती: ‘निर्वेधपणे’ असताना दिक्कत कशाला? फारसी-अरबी उसनवारी पुरे.

चकवा: बिनदिक्कत नकोच. बिनदिक्कत जाणारा मला रांग मोडून घुसणारा वाटतो.

उशीरलतीफ: ‘विनाहरकत’?

शुद्धमती: हरकतही अरबीच.

मोडका बोरू: असू दे, पण गंमत बघा. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. मराठीत आली आणि हालचालीला आडवी पडली! लेटचे तरी मुळात दोन शब्द होते, इथे एकाच शब्दानं कोलांटी मारली.

उशीरलतीफ: माझा अंदाज, कुणीतरी मध्येच हलायचं आणि दुसऱ्याचं काम बिघडायचं, त्यावरून. पुरावा मागू नका.

मंद्रसप्तक: गाण्यातली हरकत, म्हणजे सुरांची ती छोटी चपळ हालचाल, अजून हलतेच आहे! गायकानं छान हरकत घेतली म्हणतो तेव्हा त्याला कुणी आक्षेप घेत नाही.

शुद्धमती: गाण्यातली पारिभाषिक आहे, ती वेगळी धरा.

मंद्रसप्तक: वेगळी का म्हणून? मूळ अर्थ तिनंच सांभाळलाय.

चकवा: मंडळी, सकाळ झाली. ‘कोणताही अटकाव न करता’ लिहून पाठवलं.

शुद्धमती: अटकाव चालेल. ‘कोणताही’ कशाला?